पित्रपंधरवड्यातला कम्प्युटर

नवऱ्याला उत्तम कम्प्युटर घ्यायचा होता आणि मला बाबांचा आवाज ऐकायचा होता. दोन्ही गोष्टी एकाच खरेदीने होणार होत्या, पण घाई फक्त मला होती.

तेव्हा आम्ही पुण्याजवळ, मुळशीच्या वाटेवर कासार आंबोलीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मूळचे दोघंही परभणीकडचे. नवरा उरवड्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होता. म्हणजे दिवसभर एकेक बोल्ट हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि ‘चालेल’ किंवा ‘परत’ म्हणायचं. घरी आल्यावर तो फक्त ‘परत’ म्हणायचा. भेंडी निबर, परत. गाळणीचं भोक मोठं, परत. मला पाहायला आला होता तेव्हा याने ‘चालेल’ कसं म्हटलं, याचं मला अधूनमधून नवल वाटायचं.

मुलगी झाली तेव्हा त्याने हौसेने छोट्या कॅसेटचा व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि दिसेल ते टिपायला सुरुवात केली. मुलगी पालथी पडली, टिपलं. धरणावर धुकं आलं, टिपलं. पण टिपलेलं दाखवायचं मात्र नाही. कच्चा माल गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत म्हणे. आधी कम्प्युटर घ्यायचा, त्यावर एडिटिंग करायचं, मग दर्शन. गिऱ्हाईक म्हणजे मी. तेव्हा मुलगी पळायला लागली तरी तिचं रांगणं डब्यातच होतं.

त्यातल्याच एका कॅसेटमध्ये बाबा होते. एका दिवाळीत ते आमच्याकडे राहायला आले होते. मी आत करंज्या तळत होते आणि नवऱ्याने बाहेर अंगणात त्यांचं शूटिंग केलं. आत येऊन म्हणाला, ‘‘बाबांचं भरपूर घेतलंय.’’ मी म्हटलं, दाखवा. म्हणाला, एडिट झाल्यावर. पुढच्या उन्हाळ्यात बाबा झोपेतच गेले.

बाबा शाळामास्तर होते. त्यांचा आवाज असा, की शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारं पोर आपोआप ताठ व्हायचं. घरातही ते तसेच बोलायचे. मीठ मागितलं तरी रस्त्याने जाणारा माणूस थबकायचा. त्यांचे फोटो होते, शाळेचे ग्रुप फोटो होते, पण आवाज कुणी भरून ठेवलेला नव्हता. रोज उठून बोलणाऱ्या माणसाला कोण टेप करून ठेवतं? त्या कॅसेटमध्ये मात्र तो होता. आमच्या घरात, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात बाबा बोलत होते आणि मला ते ऐकता येत नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं, तरी कम्प्युटर काही घेऊन झाला नव्हता. चौकशी मात्र जोरात होती. कारखान्याच्या बसमध्ये नवऱ्याच्या शेजारी बसेल त्याला तो विचारायचा, आणि त्या बसमध्ये कम्प्युटरबद्दल मत नसलेला एकही माणूस नव्हता. एक म्हणाला, तयार कंपनीचाच घ्या. दुसरा म्हणाला, छे, सुटे भाग आणून जोडून घ्या. कुणी म्हणाला, रॅम वाढवा, कुणी म्हणाला, हार्ड डिस्क. व्हिडिओ किती जागा खातो माहितीय का? एकाने तर मॉनिटर जुन्या डबड्यासारखा घ्यायचा की चपटा, यावर पिरंगुटपासून उरवड्यापर्यंत व्याख्यान दिलं. नवरा घरी येऊन ते सगळं मला कुकरच्या शिट्ट्यांमधून समजावून सांगायचा. आणि सगळं ठरत आलं, की कुणीतरी त्याच्या कानात मंत्र फुंकायचा, ‘‘थांबा, पुढच्या महिन्यात नवीन प्रोसेसर येतोय.’’ झालं. आमचा पुढचा महिना वर्षभर चालला.

आमचे घरमालक म्हणजे पिढ्यान् पिढ्या तिथलेच शेतकरी. रस्त्याकडेचा एक तुकडा विकून त्यांनी नवी जीप घेतली होती, तीही एका दुपारात, रंग बघून. त्यांना आमचा कारभार कळेना.

‘‘काय ओ, घ्येतला का कंपूटर?’’ ते रोज विचारायचे.

‘‘बघतोय,’’ नवरा म्हणायचा.

‘‘आवं किती बघताय? पोरगी बघायला बी लोकं येवढं बघत न्हाईत.’’

आणि मग मुळशीचा पाऊस सुरू झाला. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला, पट्ट्याला, पापडांना, देवाच्या पोथीलासुद्धा पांढरी लव धरते. एके दिवशी मी कपाट पुसायला काढलं तर बाबांच्या कॅसेटच्या छोट्या काचेतून आत पांढरे ठिपके दिसले. कॅसेट घेऊन तशीच कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘‘बुरशी आहे. मी वरवर साफ करून देतो, पण ही सारखी चालवू नका, टेप तुटेल. एकदाच चालवा आणि त्याच वेळी कम्प्युटरवर उतरवून घ्या.’’

म्हणजे कॅमेरा टीव्हीला कसा जोडायचा ते शिकून एकदा चोरून बघायचा माझा बेतही आता संपला. मी कॅसेट तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. घरमालकांनी सुचवलं, ‘‘आमच्या चुलीवर शिंक्यात ठिवा की. आमी बियानं तितंच ठिवतो, येक दाना बिगडत न्हाई.’’ खरं सांगते, मी दोन दिवस त्यावर गंभीरपणे विचार केला.

भाद्रपदात नवऱ्याची निवड एकदाची पूर्ण झाली. प्रोसेसर ठरला, रॅम ठरली, डीव्हीडी लिहायचं यंत्र ठरलं, कॅमेरा जोडायचं कार्ड ठरलं. मी म्हटलं, चला. तर तो म्हणाला, ‘‘आता पित्रपंधरवडा लागलाय. दसऱ्याला घेऊ.’’

इतकं सगळं तपासून घेणाऱ्या माणसाने हे म्हणावं! घरमालकांनीही मान डोलावली. ‘‘बराबर हाय. पित्राच्या पंधरवड्यात नवं काय बी घरात आणू नये. पितरं नाराज व्हत्यात.’’

त्यावर माझा तोल गेला. ‘‘कुणाचे पितर?’’ मी म्हटलं. ‘‘ज्यांच्यासाठी आणायचाय तेच माझे पितर आहेत. आणि त्यांनी त्यांची स्कूटर भर अमावास्येला घेतली होती, दुकानात गर्दी नसते म्हणून. ते कशाला नाराज होतील? दसऱ्यापर्यंत त्या टेपचं पीठ झालं, तर मात्र होतील. आणि त्यांच्याआधी मी होईन.’’

नवऱ्याने चपला शोधायला सुरुवात केली. घरमालक म्हणाले, ‘‘मग जीपच काढतो. येष्टीतनं काचंचं सामान कसं आणाल? पर म्या दुकानात येनार न्हाई. भाईर थांबंन.’’ पितरांची नाराजी दुकानाच्या उंबऱ्यापाशी थांबते, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या दिवसांत पुण्यातल्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. दुकानदार एकटाच फडक्याने कीबोर्ड पुसत बसला होता. आम्हाला बघून त्याला भरूनच आलं. चहा मागवला. नवऱ्याने प्रश्न सुरू केले, तसा आणखी एकदा चहा मागवला. पंख्याचा आवाज किती, तापतो किती, डब्याच्या कडांना धार आहे का, स्क्रू गंजतात का. नवऱ्याने डब्याचं झाकण उघडायला लावून आत बोटही फिरवलं. मला वाटलं, आता म्हणणार, ‘परत’.

शेवटी दुकानदाराने माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘वहिनी, नक्की करायचंय काय यावर?’’

‘‘वडिलांची कॅसेट बघायचीय,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांचा आवाज आहे तिच्यात. बुरशी लागलीय.’’

त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. ‘‘मग हाच घ्या, आणि आजच घ्या.’’

‘‘पण पुढच्या महिन्यात नवीन...’’ नवऱ्याने सुरुवात केली.

‘‘साहेब, पुढच्या महिन्यातही कुणीतरी येऊन हेच म्हणणार,’’ दुकानदार म्हणाला. नवऱ्याने मग पाकीट काढलं. जीपमध्ये मॉनिटर मांडीवर घेऊन तो असा बसला होता, की मुलीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाही इतका जपून बसला नव्हता.

घरी आल्यावर जोडाजोड झाली. दारात घरमालक हजर. ‘‘आता आणलाच हाय तर बघतो. मास्तरांशी लई गप्पा मारल्यात म्या,’’ म्हणत ते येऊन सतरंजीवर बसले. मी देवाजवळ दिवा लावला आणि वीज जाऊ नये म्हणून मनातल्या मनात महावितरणलाही हात जोडले. नवऱ्याने कॅमेरा कम्प्युटरला जोडून त्यात कॅसेट घातली.

आधी धुकं. मग आणखी धुकं. मग मुलगी रांगताना, आणि मध्येच कारण नसताना घरमालकांची कोंबडी. मी दात आवळून बसले होते. या माणसाने धुक्यावर एवढी टेप घालवली म्हणून चिडायचं मी नंतरसाठी राखून ठेवलं.

आणि अंगण आलं. बाबा.

त्यांनी टोपी सारखी केली. शर्टाचं वरचं बटण लावलं. खिशातलं पेन सरळ केलं आणि हात बाजूला ठेवून ताठ उभे राहिले. कॅमेऱ्यामागून नवऱ्याचा आवाज आला, ‘‘बोला ना बाबा, काहीतरी बोला.’’ बाबा बोलले नाहीत. नुसते समोर बघत राहिले, ओठ घट्ट मिटून. ‘‘बोला ना,’’ पुन्हा नवरा. बाबांची पापणीसुद्धा हलत नव्हती. मला वाटलं, कम्प्युटर अडकला. नवऱ्यालाही तेच वाटलं, कारण त्याने डब्यावर थाप मारली. पण मागे दोरीवरची माझी साडी वाऱ्याने हलत होती.

‘‘फोटू काढत्यात असं वाटलंय मास्तरांना,’’ घरमालक हळूच म्हणाले. ‘‘हालले तर बिगडंल म्हून थांबल्यात.’’

खरंच. शाळेच्या ग्रुप फोटोला बाबाच पोरांना दटावायचे, ‘हलू नका, बोलू नका, श्वाससुद्धा जपून घ्या.’ जन्मभर दुसऱ्याला जे सांगितलं ते त्यांनी स्वतः पाळलं, आणि तेही माझ्या एकुलत्या एका कॅसेटमध्ये. बराच वेळ ते तसे उभे होते. मग, फोटो निघाला असेल असं वाटून त्यांनी एकदाचं तोंड उघडलं. नवऱ्याने नेमका तेव्हाच कॅमेरा बंद केला होता. पडद्यावर पुन्हा धुकं आलं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. राग कोणाचा येत होता तेही कळेना. नवऱ्याचा, बाबांचा, त्या कोंबडीचा. एक शब्द. मला एक शब्दही मिळाला नव्हता. बाहेर घरमालक नवऱ्याला म्हणत होते, ‘‘जाऊ द्या, आता काय बोलू नका त्यान्ला.’’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी न बोलायचा सल्ला दिला असावा.

पुढे बरेच दिवस मी त्या यंत्राकडे फिरकले नाही. नवरा मात्र कामाला लागला. कुठल्याशा मासिकात त्याने एडिटिंगचा नियम वाचला होता, की जिथे हालचाल नाही ते कापा. त्याने धुकं कापलं, कोंबडी कापली. मुलीच्या रांगण्याला बासरी लावली. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पान उलटतं, पडदा फाटतो, कधी पत्त्यांतला बदाम उमलतो. बदाम त्याने चार ठिकाणी घातले होते. इतका रसिक माणूस आहे, हे मला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं.

एका रविवारी दुपारी त्याने मला हाक मारली. पडद्यावर बाबा उभे होते.

‘‘हे तुला विचारल्याशिवाय करायचं नव्हतं,’’ तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात तो कधी बोलत नाही. ‘‘थोडं छोटं करू का? म्हणजे काढत नाही, नुसतं छोटं. यात तसं काही होत नाहीये.’’

मी खुर्ची ओढून बसले. आता टेपची भीती नव्हती, हवं तितक्या वेळा बघता येणार होतं. त्या दिवशी मी बाबांच्या ओठांकडे बघत होते, ते कधी हलतात म्हणून. या वेळी बाकीचं बघितलं. टोपीखालून आलेला घाम. करंज्यांचा वास आला असावा, तसं किंचित फुगलेलं नाक. आणि छातीवरचा खिसा. त्यातलं पेन जरासं वर जात होतं, खाली येत होतं. पुन्हा वर जात होतं.

‘‘होतंय की,’’ मी म्हटलं. ‘‘त्या पेनाकडे बघा. श्वास घेतायत.’’

नवरा पुढे वाकला. बघत राहिला. मग त्याने माऊसवरचा हात काढून घेतला.

‘‘चालेल,’’ तो म्हणाला, आणि आम्ही ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं.