सेक्रेटरी मावशींचं शेवटचं आमंत्रण

सेक्रेटरी मावशींनी फोनवर "कशी आहेस?" असं कधी विचारलं नाही. फोन उचलला की थेट सवाल यायचा, "बुधवारी काय करून राहिली?" काही नाही म्हटलं की आपण अडकलो. काम आहे म्हटलं, तर ते किती वाजता संपतं हा पुढचा प्रश्न तयार. डोकं दुखतंय हे कारण तर त्यांच्याकडे चालतच नसे. "घरी बसूनही दुखेलच नं? इथे येऊन दुखू दे."

त्या कुठल्याच संस्थेच्या सेक्रेटरी नव्हत्या. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा त्यांचे सासरे कचेरीबरोबर इथे आले, पुढे यजमानही मंत्रालयात लागले, आणि तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मावशींचा संसार झाला. आसपासच्या मराठी बायकांना दर बुधवारी दुपारी कुणा ना कुणाच्या घरी जमवायचं, एवढंच त्यांचं पद. चेष्टेत दिलेलं नाव इतकं चिकटलं, की त्यांचं खरं नाव शालिनी आहे हे मला बरंच उशिरा कळलं.

नव्या बिऱ्हाडाच्या दारावर मराठी आडनावाची पाटी दिसली, की मावशी त्याच आठवड्यात कडी वाजवायच्या. माझ्या वडिलांची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हा आई सामानाच्या खोक्यांमध्ये बसून रडत होती. दारात एक ठेंगणी बाई हातात झाकलेलं पातेलं घेऊन उभी. "मी तुमच्या ओळखीची नाही," ती म्हणाली, "पण होणार आहे." पातेल्यात गोळाभात होता, भातात शिजवलेले डाळीचे गोळे. आईने तो पहिल्यांदाच पाहिला. तो कसा खायचा, वर फोडणीचं तेल किती घ्यायचं, हे सांगता सांगता मावशींनी निम्मी खोकी उघडून भांडी मांडणीवर लावूनही टाकली. त्या बुधवारपासून आई त्यांची झाली, ती शेवटपर्यंत.

भाद्रपदात मावशी पुण्याच्या भोंडल्यासारखी भुलाबाई बसवायच्या, तर शेजारच्या तिवारींच्या आणि खानांच्या मुलींनाही ओढून आणायच्या आणि गाणी शिकवायच्या. मुलींचे उच्चार ऐकून आई हसायची. मावशी म्हणायच्या, "हसू नका हो. चार तोंडं वाढली, हे बघा."

तोंडं कमी व्हायला लागली ती निवृत्तीनंतर. नोकरी संपली की क्वार्टर सुटतं. कुणी कोलार रोडला गेलं, कुणी मुलांकडे पुण्याला, कुणी नागपूरला परत. मावशींनी बाग सेवनियात फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत त्यांचे यजमान गेले. मग माझी आईही गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला, "आता तिच्या जागी तू येत जा." मी पन्नाशीला आलेली, नवरा कामासाठी परगावी, मुलगी शिकायला बंगळूरला. मी जायला लागले. बायका येत, पण तासाभरात कुणाला तरी घरून फोन यायचा आणि सगळ्याच उठायच्या.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात मावशींना मोबाइलवर एक जाहिरात आली. शाहपुऱ्याच्या तलावाजवळच्या एका बेकरीत दुपारचा खास चहा होता. विषय बगीचा, आणि येणाऱ्यांनी फुलांचे कपडे घालून यायचं. मावशी हरखल्या. "घरचे पोहे-चिवडा खाऊन कंटाळल्या असतील सगळ्या. म्हणून येत नाहीत." त्यांनी सहा जणींचं टेबल सांगून ठेवलं आणि आठवडाभर फोन केले. सगळ्या हो म्हणाल्या.

आम्ही दोघी वेळेआधीच पोचलो. मावशींनी पोपटी साडी नेसली होती, तिच्यावर मोठाली गुलाबी फुलं. हातातल्या डब्यात सगळ्यांसाठी शेवंतीच्या वेण्या. बेकरीत छताला कागदी वेली लटकवल्या होत्या, टेबलावर फुलपाखरं चिकटवली होती. आजूबाजूला सगळी कॉलेजची मुलं-मुली, फोटो काढण्यात गुंग. आमच्यासमोर तीन मजली ताटली आली. खाली काकडीचे चिमुकले सँडविच, मधे बिस्किटं, वर गुलाबाच्या आकाराचे केक. मावशींनी कशालाच हात लावला नाही. "येऊ दे सगळ्यांना."

एकीचा निरोप आला, बीपी वाढलंय. दुसरीचा, गाडी मिळत नाही. तिसरीने फोनच उचलला नाही. वाढणाऱ्या मुलाने अदबीने विचारलं, "आंटीजी, ये कुर्सियाँ उधर दे दूँ? वहाँ कम पड़ रही हैं." मावशी म्हणाल्या, "दो ले जाओ." थोड्या वेळाने तो पुन्हा आला, आणि तिसरीही गेली.

राहिल्या कुसुमकाकू. मावशींची सगळ्यात जुनी मैत्रीण, तुलसी नगरात भिंतीला भिंत लागून राहिलेली. सकाळी त्यांनी कळवलं होतं की इंदूरचे पाहुणे अचानक आलेत. मावशींनी तरी फोन लावलाच. ऐकू कमी यायचं म्हणून त्या स्पीकरवर बोलत, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"कुसुम, पाहुण्यांना घेऊन ये नं. जागा आहे इथे."

"नाही हो जमणार, शालिनीताई."

"मी रिक्षा पाठवू का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग कुसुमकाकू एकदम म्हणाल्या, "पाहुणे नाहीत. कुणी नाही घरात. मला यायचं नाही. आपण जमलो की मी नुसती बघत बसते, ही गेली, ती गेली, आता कोण. घरी येऊन रात्रभर झोप लागत नाही मला. बाकीच्यांचंही तेच आहे, त्या बोलत नाहीत एवढंच. तुम्ही बोलावता आणि आम्हाला दर वेळी खोटं बोलायला लागतं. आता पुरे करा नं ताई."

मावशींनी फोन तोंडाजवळ नेला. "आधी सांगायचं होतंस, कुसुम," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी हात पुढे केला, पण त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावायला घेतलं.

तेवढ्यात बेकरीची मालकीण माइक घेऊन आली. सर्वांत सुंदर फुलांचा पोशाख म्हणून तिने मावशींकडे बोट दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, "आंटीजी! आंटीजी!" असा गलका झाला. मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि पुढे गेल्या. मालकिणीने हौसेने विचारलं, "किसके साथ आई हैं आप?"

मावशी म्हणाल्या, "अकेली."

मी चार हातांवर बसले होते. मला ते लागलं, खरं सांगते. मग त्यांचा चेहरा पाहिला. फोटोसाठी त्या हसत होत्या, पण बघत होत्या आमच्या टेबलाच्या उरलेल्या एका रिकाम्या खुर्चीकडे.

परतताना गाडीत त्या बाहेर बघत राहिल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "कुसुमचं बरोबर आहे. माझ्याच लक्षात आलं नाही."

त्यानंतर मावशींनी कुणालाच फोन केला नाही. मी अधूनमधून जायची. चहा व्हायचा, पण मोहल्ल्यातल्या खबरी नाहीत की हुकूम नाहीत. उन्हाळ्यात न्हाणीघरात मावशींचा पाय घसरला आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

मी फोन केला की बोलायच्या. एकदा मी म्हटलं, "पुण्यात काय, मराठी बायकांना तोटा नाही. जमवा की मंडळ."

"इथे सगळेच मराठी आहेत गं," त्या म्हणाल्या. "म्हणून कुणाला कुणाची गरज नाही. खाली बाकावर बसतात बायका. मी म्हटलं, मी भोपाळची, तर एक म्हणाली, तरीच तुमचं बोलणं हिंदी वाटतं." मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे कोण येतं?"

"कुणी नाही, मावशी."

"मग तू जात जा."

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा निरोप आला. मावशी झोपेतच गेल्या होत्या.

मी कुणाला फोन केला नाही. गाडी काढली आणि कोलार रोडला कुसुमकाकूंकडे गेले. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी चहा टाकला, मी कप काढले. मग त्यांनी विचारलं, "मी बोलले ते तिला लागलं होतं का गं?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "फार लागलं होतं."

त्यांनी मान हलवली. "पुढच्या बुधवारी मी फोन जवळ घेऊन बसले होते. वाटलं, चिडून का होईना, करेल. त्याच्या पुढच्याही बुधवारी बसले."

"मग तुम्ही का नाही केलात, काकू?"

"मला कुठे सवय होती गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तीच करायची."