तपासणीआधीचा आलूबोंडा

माझ्या मोठ्या भावाला आजारी पाडलं ते मी. डॉक्टर असं म्हणाले नव्हते, घरातलंही कुणी कधी म्हणालं नाही. पण मला ते माहीत आहे, आणि आता पन्नाशी जवळ आल्यावर ते लिहून टाकावंसं वाटतं.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा शाळा सोडून तो नागपुरातल्या एका कापड मिलमध्ये विणाई खात्यात लागला. त्याच्या पगारावर मी मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो आणि सरकारी कचेरीत कारकून झालो. तोवर आमच्या घरात तूप आलं नव्हतं. छप्पन्न साली आमच्या घराने दीक्षा घेतली, त्याआधीची वस्ती मला आठवते. सणाच्या दिवशी पलीकडच्या आळीतून तुपाचा वास यायचा आणि आम्ही पोरं तो वास नाकात घेत भाकरी खायचो. म्हणून पहिला पगार झाला त्या दिवशी मी वनस्पती तुपाचा डबा घेऊनच घरी गेलो. पांढरंशुभ्र, दाणेदार, चमच्यावर घट्ट उभं राहणारं. दादाच्या भातावर त्याचा मोठा गोळा ठेवला. तो म्हणाला, "बस गा, बस." मी आणखी एक ठेवला.

त्यानंतर दहा-बारा वर्षं डबा चुकला नाही.

वहिनी नरखेड तालुक्यातली. तिचा भाऊ दर महिन्याला एसटीच्या कंडक्टरच्या हाती लाकडी घाण्याचं करडईचं तेल पाठवायचा. एकदा कचेरीतले लोक जेवायला यायचे होते, तेव्हा मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, हे तेल नका वापरू. वास येते."

"काहून भाऊजी? आजवर नाही आला तो?"

पण मी कमावता दीर होतो, माझं चाललं. वहिनीने भावाला तेल पाठवू नको म्हणून निरोप दिला. आमच्याकडे रश्श्यावर लाल तेलाचा थर तरंगला नाही तर पाहुण्याचा मान राहत नाही. त्याला तर्री म्हणतात. ती तर्रीही वनस्पतीची झाली. सकाळची पोळी, दुपारची भाजी, सणाच्या पुऱ्या, सगळं त्याच डब्यातलं. दादाचं पोट सुटलं तेव्हा मला अभिमान वाटला. माझ्या भावाच्या अंगाला काहीतरी लागतंय असं मी लोकांना सांगत असे.

सत्तर साल उलटून काही वर्षं झाली असतील. पंचेचाळिशीतला दादा एक दिवस चालू मागांच्या मधल्या वाटेत चक्कर येऊन पडला. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त काढलं. तिथले डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. त्यांनी मला आत बोलावून काचेची एक नळी दाखवली.

"रक्त थोडा वेळ ठेवलं की लाल भाग खाली बसतो. वर जे उरतं ते पिवळसर आणि आरपार दिसणारं असावं लागतं. हे बघा."

वर जे होतं ते दुधासारखं होतं. नळीमागे धरलेलं त्यांचं बोट मला दिसत नव्हतं.

दादाची साखर वाढली होती आणि रक्तात चरबी तरंगत होती. या दोन गोष्टी एकमेकींना धरून असतात, असं डॉक्टरांनी समजावलं. शरीर साखर सांभाळू शकलं नाही की त्याला चरबीही आवरत नाही, आणि मग दोन्हींचा मार हृदयावर बसतो. त्यांनी विचारलं, घरात कोणतं तेल वापरता. मी सांगितलं. ते म्हणाले, "ते बंद. जे डब्यात गोठून बसतं त्यापेक्षा करडईसारखं वाहतं तेल बरं, पण तेही मोजून. चहा बिनसाखरेचा. रोज चालायचं. गोळ्या देतो, त्या चुकवायच्या नाहीत." डबा कोण आणतं हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मिलने तीन महिन्यांची रजा दिली. त्यानंतर फिट असल्याचा कागद आणला तर कायमची नोकरी राहणार होती, नाहीतर नाव बदली कामगारांत जाणार होतं. म्हणजे रोज सकाळी मिलच्या गेटवर उभं राहायचं, कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर घरी परतायचं. दादाने अठ्ठावीस वर्षं एका वेळी चार-चार माग चालवले होते. त्या गेटवर पोरासोरांत उभं राहायची कल्पना त्याला आजारापेक्षा जड होती.

मी डबा आणणं बंद केलं. वहिनीने माहेरी निरोप पाठवला आणि करडईचं तेल पुन्हा एसटीने येऊ लागलं. ती चहाच्या चमच्याने मोजून फोडणी घालायची. ताटात जवसाची चटणी आली, ज्वारीची भाकरी आली, तर्री गेली. शेजारची बाई एकदा रश्श्यात डोकावून म्हणाली, "काय वं, तेल सरलं काय घरातलं?"

वहिनी म्हणाली, "तेल हाये, नवरा बी हाये. दोन्ही पुरवून वापरून राहिली."

दादा सकाळी नंदनवनातल्या आमच्या खोल्यांपासून हुडकेश्वरच्या बाजूच्या शेतांपर्यंत चालत जायचा. दोन महिन्यांत त्याची विजार कमरेत सैल झाली. चालताना लागणारी धाप थांबली.

रजा संपायला दहा दिवस उरले असताना पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बारा तास पोटात काही जाता कामा नये. मी दादाला घेऊन सकाळी सात वाजता दवाखान्यात गेलो. रांग लांब होती. आठ वाजता दादा भिंतीला टेकला.

"मले गरगरून राहिलं गा," तो म्हणाला.

मी त्याला बाहेरच्या ठेल्यावर नेलं. आमच्या घरात एक समजूत होती की रक्त द्यायचं तर अंगात काही असलं पाहिजे. उपाशी माणसाचं रक्त काढणं म्हणजे त्याचा जीवच काढणं. मी दोन आलूबोंडे घेतले, वर तर्री, आणि साखरेचा चहा.

"डॉक्टरनं उपाशी ये म्हणलं होतं ना?" दादा म्हणाला.

"उपाशी माणसाचं काय रक्त निघन, दादा? खा तू."

"तू शिकलेला हायेस बाप्पा," तो म्हणाला आणि त्याने खाल्लं. त्याचा नंबर लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दादाला, वहिनीला आणि मला बोलावलं. नळी पुन्हा पांढरट होती. ते वहिनीकडे वळले. "बाई, तीन महिने मी काय सांगत होतो? तुम्ही तेल कमी केलेलंच नाही."

"मोजून घालते जी."

"मोजून घातलं असतं तर रक्त असं आलं नसतं. हा कागद घेऊन मी त्यांना फिट म्हणू शकत नाही."

मी तिथे होतो. आलूबोंडा मला आठवला होता, नळी बघताच आठवला होता. पण खोलीत आणखी चार माणसं होती, आणि मी शिकलेला होतो. माझं तोंड उघडलं नाही. वहिनी पदर ओढून बाहेर गेली. घरी पोचल्यावर दादा म्हणाला, "परवा मिलमध्ये जाऊन सांगतो, टाका मले बदलीत."

मी पुढच्या सकाळी कचेरीत न जाता दवाखाना उघडायच्या आधीच डॉक्टरांच्या दाराशी उभा राहिलो. ते आले तसं म्हणालो, "काल तुम्ही चुकीच्या माणसाला बोललात." मग सगळं सांगितलं. आलूबोंड्याचं सांगितलं, आणि थांबता आलं नाही म्हणून दहा-बारा वर्षांच्या डब्यांचंही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "किती खाल्ले?"

"दोन. वर तर्री होती."

"अहो, मग मी तुमच्या भावाचं रक्त तपासलंच नाही. तुमचा आलूबोंडा तपासला."

खाल्लेली चरबी तासा-दोन तासांत रक्तात उतरते, आणि साखरेच्या रोग्याच्या रक्तात ती रेंगाळते, असं ते म्हणाले. "परवा आणा. तोंडात फक्त पाणी. आणि डब्याचं म्हणाल तर, तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

घरी वहिनी सुपात जवस पाखडत होती. दादा बाजूला बसला होता. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. वहिनीने सूप खाली ठेवलं नाही.

"मले ठाऊक होतं, भाऊजी. त्या दिवशीच्या तुमच्या शर्टावर तर्रीचा डाग होता. मीच धुतला."

"मंग डॉक्टरसमोर काहून नाही बोलल्या?"

"तुमच्या तोंडून निघते का ते पाहून राहिली होती. आज सांजेपर्यंत नसतं निघालं तं मीच गेली असती दवाखान्यात."

दादा इतका हसला की त्याला खोकला आला. मला हसू आलं नाही. मी वहिनीच्या पाया पडायला वाकलो तर ती म्हणाली, "सरका, जवस सांडन."

पुन्हा रक्त द्यायच्या सकाळी दादाने ठेल्याकडे पाठ करून रांग धरली. गरगरलं तेव्हा तो खाली बसला, पाणी प्याला, पण उठून गेला नाही. दुपारी डॉक्टरांनी पुन्हा तिघांना बोलावलं. नळी उजेडात धरली आणि तिच्यामागे दादाच्या नंबराची चिठ्ठी लावली.

"वाचा," ते म्हणाले.

दादाने नळीतून आपला नंबर वाचला. एक एक आकडा, मोठ्याने. तीन महिन्यांपूर्वी जिच्यामागचं बोट दिसत नव्हतं, तिच्यातून आता शाई दिसत होती. साखरही उतरली होती. डॉक्टर वहिनीला म्हणाले, "बाई, त्या दिवशी बोललो ते मागे घेतो. माझ्या गोळ्यांपेक्षा तुमच्या चमच्याने जास्त काम केलं आहे."

"तसं लिहून द्या जी," वहिनी म्हणाली. "मिलच्या डॉक्टरले दाखवाचं हाये."

त्यांनी खरोखर लिहून दिलं. मिलच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला, दादाचा रक्तदाब बघितला, त्याला दोन जिने चढायला लावले आणि फिटचा शिक्का मारला. सोमवारी दादा पहिल्या पाळीला गेला. गेटवर बदलीसाठी उभ्या असलेल्या माणसांमधून तो आत गेला तेव्हा त्यांच्यातल्या दोघांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, असं त्याने नंतर सांगितलं.

संध्याकाळी तो केसांत कापसाची तूस घेऊन परतला. वहिनीने दारातच विचारलं, "किती माग दिले?"

"चार," दादा म्हणाला. "पाचवा मागून राहिलो होतो, दिला नाही."