जाऊबाईचं टरबूज

थोरल्या जाऊबाईचं सगळंच चांगलं. तिचीच भाकरी फुगायची, तिचीच गाय आटायची नाही. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "हिच्या हाताला गुण हाय." मी तिथंच उभी असायची. मला काय हात नव्हते?

निजामाचं राज्य होतं तेव्हा. त्या साली चौसाळ्याच्या बाजारातल्या बागवानानं आम्हा दोघींना टरबुजाचं बी दिलं. परसात आडाच्या अलीकडं तिचं आळं, पलीकडं माझं. संक्रांत सरली की बी टोचायचं अन् आड कोरडा पडायच्या आत फळ पिकवायचं. मधे दिवस थोडेच. त्यात अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजायची असते, अन् आत्याबाईंनी सांगून टाकलं, "आखितीला जिचं टरबूज चांगलं, तिचंच पितरांच्या घागरीवर ठेवीन." झालं! माझी झोप उडाली.

एका वेलाला एकच फळ ठेवा, बाकीची खुडा, असं बागवानानं बजावलं होतं. जाऊबाईनं खुडली. मी पाच ठेवली. हिच्या एकाला माझी पाच! पण माझी पाचही पेरूएवढी होऊन अडून बसली, अन् तिचं एकटं फुगतच गेलं.

अंगाची नुसती लाही व्हायची. कोवळ्या फळाला बोट दाखवलं तर ते कुजतं, म्हणून आमच्याकडं बोट मुडपून दाखवतात. मी रोज सकाळी पाणी घालायच्या निमित्तानं जायची अन् तिच्या टरबुजाला चांगलं ताठ बोट दाखवायची. "कूज मेल्या, कूज!" मेलं कुजायचं नाव घेईना. एकदा मागं वळले तर जाऊबाई दारात उभी.

आखितीच्या सकाळी मी घाईघाईनं माझं त्यातल्या त्यात मोठं तोडलं. देठाजवळची तार वाळली की फळ पिकलं समजायचं; माझी अजून हिरवी होती, तरी तोडलं. आत्याबाईंनी टिचकी मारून पाहिली अन् ते बाजूला सारलं. "कच्चं हाय की गं. कशापायी तोडलंस?" घागरीवर जाऊबाईचं बसलं.

जेवताना ते कापलं. लालभडक निघालं. जाऊबाईनं मधली फोड उचलून आधी माझ्या ताटात ठेवली.

"माझ्या टरबुजाची हिनं रोज राखण केली," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पैली फोड हिची."

मला मान वर करवेना. फोड लई गोड होती. हिचा हेवा करायलाही हिनं मला तोंड ठेवलं नाही, म्हणून आणखीच राग आला. बिया मात्र मी टाकल्या नाहीत. गुपचूप पदराच्या गाठीत बांधल्या.