डाव्या बाजूची मोहरी

उपचार संपले तेव्हा घरात पेढे आले आणि माझी पाचावर धारण बसली. इतके दिवस कुणी ना कुणी मला तपासत होतं, सुई टोचत होतं, रिपोर्ट बघून मान हलवत होतं. आता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदम तीन महिन्यांनी या. म्हणजे तोवर माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, मी आहे ना. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. त्याला इंजिनाचं सगळं कळतं, बायकोचं जेमतेम.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. जाऊबाई गव्हांकुराचा रस घेऊन आल्या, शेजारीण पपईची पानं. कुणी म्हणालं दूध बंद करा, कुणी म्हणालं दूधच प्या. डॉक्टरीणबाईंचं सांगणं त्यामानाने साधं होतं: घरचं ताजं खा, रोज चाला, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम चुकवू नका आणि महिन्यातून एकदा स्वतःला नीट तपासा. मी हट्टी असले तरी सांगकामी आहे. भुशी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागायच्या आत मी चालून घरी आलेली असायचे. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. डावा स्तन काढल्यापासून मी तिकडे बघितलंच नव्हतं. न्हाणीघरातला दिवा न लावता अंघोळ करायचे, आणि तपासायचं तेही अंगातली शमीज न काढता, वरूनच.

मावशी मला हॉस्पिटलच्या बाकावर भेटल्या. तिकोना पेठ गावच्या, भातशेती करणाऱ्या. त्यांचं हेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालेलं. माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, एका अंगाला का कलतेस? मला फार राग आला, कारण ते खरं होतं. एक बाजू हलकी झाल्यामुळे खांदा ओढला जायचा, पाठ दुखायची. त्या जागी घालायला दुकानातून आणलेला सिलिकॉनचा गोळा इतका गरम व्हायचा, की मी तो कपाटात कोंबून ठेवला होता. पुढच्या खेपेला मावशींनी मऊ जुन्या लुगड्याची एक गोल पिशवी माझ्या हातात ठेवली. आत मोहरी होती. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात ना, अगदी तशी.

ती चोळीत घातली आणि मी सरळ उभी राहिले. गार, जडशी, अंगाबरोबर हलणारी. मी बाजारात जायला लागले, खंडाळ्याला एका लग्नातही मिरवून आले. मावशींनी एकच बजावलं होतं, ओली करू नको. पण माझा स्वच्छतेचा सोस दांडगा. घामट वास यायला लागला म्हणून भर पावसाळ्यात मी ती धुतली. लोणावळ्यात त्या दिवसांत टॉवेलसुद्धा वाळत नाही, मोहरी कुठली वाळायला? फ्रिजच्या मागे ठेवली होती, ती काढली तर कापडाच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर आलेले. माझ्या छातीला मोड आले म्हणून मी एकटीच खोखो हसले. इतकं हसून किती काळ लोटला होता कोण जाणे. डब्यातली ताजी मोहरी भरून पिशवी पुन्हा शिवली. औषधांनी बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या, त्यामुळे टाके आपले जमतील तसे पडले.

त्यानंतर महिन्याची घरची तपासणी करायच्या दिवशी सकाळी, नेहमीसारख्याच अंधाऱ्या न्हाणीघरात, माझं बोट थांबलं. काखेकडे, जिथे व्रण संपतो तिथे. बारीक, गोल, टणक. तिथली कातडी बधिर झालेली, त्यामुळे दुखतंय की नाही तेही कळेना. मी हात काढून घेतला आणि पुन्हा लावायची हिंमतच झाली नाही. बादलीतलं पाणी तसंच सोडून, वर गाऊन चढवून बाहेर आले. नवरा स्वयंपाकघरात चहा करत गुणगुणत होता. त्याचं गुणगुणणं नुकतंच परत आलं होतं. त्याला सांगायला माझी जीभ उचलेना. खोलीत जाऊन मी मावशींना फोन लावला आणि कशीबशी म्हणाले, "मावशी, ती परत आली."

"कोण आली?" त्यांनी विचारलं.

मला गाठ हा शब्द उच्चारता येईना. तरी त्या समजल्या, म्हणाल्या, मी येते. रडू नको म्हणाल्या नाहीत, काही होत नाही म्हणाल्या नाहीत.

जीपने कामशेत आणि तिथून लोकलने त्या दुपारी आल्या, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या. तोवर मी अंघोळ केली नव्हती, कपडे बदलले नव्हते, डावा हात अंगाला लागू दिला नव्हता. नवऱ्याला त्यांनी दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं, दार लावलं आणि दिव्याचं बटण दाबलं. दिवा नको, मी म्हणाले.

"आंधळ्यावानी काय चाचपतेस? अशानं काय कळनार? आदी माजं बघ, मग तुजं बघू."

आणि त्यांनी खरंच चोळी सोडली. मी कधी कुणाचा व्रण पाहिला नव्हता. एक आडवी घडी, शेजारी तीळ, उन्हात न गेलेली नितळ कातडी. बस, एवढंच. याला मी इतके दिवस घाबरत होते? मी गाऊन काढला, शमीज काढून त्यांच्या हातात दिली आणि डोळे मिटले. त्यांची खरखरीत बोटं व्रणावरून फिरली, काखेत फिरली, पुन्हा फिरली.

"कुटं हाय? हितं तर काय न्हाई."

मी डोळे उघडले, मान खाली घातली आणि बोट ठेवून बघितलं. नव्हतं. दाबून बघितलं, तरी नव्हतं. माझं डोकंच चालेना. मावशींनी शमीज उलटी केली, काखेजवळची शिवण चिमटीत धरली, नखाने काहीतरी पुढे सरकवलं आणि तळहात माझ्यापुढे केला. त्यावर मोहरीचा एक दाणा होता.

"ही परत आली व्हय गं?"

राईचा पर्वत करणे, वाक्यात उपयोग करा, हे शाळेत मी किती वेळा सोडवलं असेल. मी रडले, आणि रडता रडताच हसायला लागले. मावशीही पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोळे पुसता पुसता त्यांनी बजावलं, तरी डाक्टरला दाखवायचंच, मी संगं येते. आम्ही गेलो, डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, काही निघालं नाही. पण ते नंतर.

त्या दुपारी आम्ही दोघी खाटेवर बसून बोलत राहिलो. लावणी किती झाली, त्यांच्या सुनेला कितवा लागलाय, माझी पाठ अजून दुखते का. खिडकीतून धुकं आत येत होतं. बोलता बोलता मावशींनी कोपऱ्यातला गाऊन उचलून माझ्याकडे टाकला. "घाल आता. गारठशील," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की दिवा लागलेला आहे आणि मी इतका वेळ उघडीच बसले आहे.