वटवाघळांच्या गोचिड्या

मी धाराशिवला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वटवाघळांच्या रक्तावर जगणाऱ्या गोचिड्या आणि त्यांच्या पोटातले जिवाणू हा माझा अभ्यास. बेंबळीला मामांच्या शेतात एक जुनी दगडी खोली आहे. आढ्याला वटवाघळं लटकलेली, खाली मामांची बाज. मी गोचिड्या गोळा करायला गेले की त्यांची दुपारची झोप मोडायची.

"त्या घाणेरड्या पाखरांत तुला काय गावतंय गं?" दर खेपेला हाच प्रश्न. पाखरू नाही, पाखरू नाही, सांगून माझं तोंड दुखलं. एकदा वैतागून म्हणाले, "मामा, यांच्या गोचिड्यांत तापाचे जंतू असतात. माणसाला चावल्या तर त्यालाही ताप येऊ शकतो." पुढचंही सांगणार होते, पण म्हटलं, माझं इथं ऐकतंय कोण? चिमटा, बाटल्या आवरल्या आणि बस धरली.

जन्मात माझं एक ऐकलं नव्हतं, ते नेमकं हेच ऐकलं! दुसऱ्या दिवशी मामांनी लिंबाचा पाला आणि सुक्या मिरच्या पेटवून खोलीत धूर कोंडला. वटवाघळं गेली आणि त्यांच्याबरोबर माझी दोन वर्षांची मेहनतही. फोनवर मामा खुशीत होते.

"अगं, म्हैस इकली की तिच्या गोचिड्या बी तिच्यासंगंच जात्यात. वटवाघळं गेली, ताप बी गेला. आता लई निवांत झोप लागतीया!"

माझं डोकंच फिरलं. मी फोन ठेवून दिला. आठ दिवस त्यांचे फोन उचललेही नाहीत.

नवव्या दिवशी मामींचा फोन आला. मामा तापानं फणफणले होते, कमरेवर लाल चट्टे उठले होते. मी दवाखान्यात पोचले आणि डॉक्टरांना सगळं घडाघडा सांगितलं. म्हशीची गोचीड म्हशीला चिकटून राहते. वटवाघळांची मात्र भिंतीच्या फटीत राहते, भूक लागली की तेवढ्यापुरती वटवाघळावर चढते. वटवाघळं गेली, गोचिड्या उपाशी राहिल्या आणि खाली बाजेवर उतरल्या. वर्गातही मी इतकं नीट शिकवत नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, गोळ्या लिहून दिल्या. मामा पडल्या पडल्या ऐकत होते.

"हे भिंतीचं मला का न्हाय सांगितलंस, पोरी?" ते म्हणाले. "म्या बाज भाईर टाकली असती की."

आणि त्यांनी खरंच टाकली असती.