त्या दिवशी मी घाबरले नव्हते

कॉलेजची तीन वर्षं मी एकाच आशेवर ज्युदो खेळले: भीती गेली की मी जिंकेन. अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या सरावाच्या हॉलमध्ये मी माझ्याहून जड मुलींनाही आपटायची. स्पर्धेत मात्र नाव पुकारलं की हातापायांतलं बळच जायचं. तोंडाला कोरड पडायची आणि समोरची मुलगी मला ढकलत न्यायची.

"तुले येत नाई असं नाई," आमचे सर म्हणायचे. "तू घाबरून हारते. काहून घाबरते पण?"

"मले नाई समजत, सर."

त्यांनी मला श्वास सावकाश सोडायला शिकवलं. घरी कणीक मळतानाही मी तेच करत असे.

शेवटच्या वर्षी अमरावतीला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. सर आणि मी एसटीनं गेलो. नाव पुकारलं, मी मॅटवर उतरले, आणि मला काहीच झालं नाही. हात गरम होते. श्वास संथ होता. पंचांच्या टेबलावर कुणीतरी चहा मागत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं. मनात आलं, जमलं.

मी समोरच्या मुलीची कॉलर धरली आणि माझा सगळ्यात भरवशाचा डाव टाकला. ती हलली नाही. पुन्हा टाकला. तिनं कंबर जराशी खाली घेतली, बस. मग तिनंच मला उचललं. पाठ पूर्ण टेकली की ज्युदोत सामना तिथंच संपतो. एक मिनिटही झालं नव्हतं. छताचे पत्रे बघत मी पडून राहिले, तेव्हाही मन शांतच होतं. मी तिच्याहून कमी होते. बहुधा सगळ्यांहूनच, पहिल्यापासून.

बाहेर सरांनी पाण्याची बाटली पुढे केली. "घाबरली होती काय?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. "हो, सर," मी म्हणाले.

"मंग ठीक आहे. भीती जाते. एखाद्या खुल्या स्पर्धेत पाहू."

परतताना मूर्तिजापूरपर्यंत ते मला समजावत होते, मग त्यांना झोप लागली. मला रडूही आलं नाही.

घरी आईनं न विचारताच ताट वाढलं. मी भात कालवत बसले. दुसऱ्या दिवशी सरावाला गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सरांचे फोन आले, तेही उचलले नाहीत.