मुल्ला मॅडम आणि सप्तरंगीचं मूळ

कुणी "बरं वाटतंय" म्हटलं की मुल्ला मॅडम लगेच विचारायच्या, "बरं म्हणजे किती?" प्राचार्यांच्या गुडघ्यापासून शिपायाच्या पडशापर्यंत हा प्रश्न कुणालाही चुकला नाही. भिवंडीच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाहेर दिवसभर लूमची खडखड असे, त्यामुळे मॅडमचा आवाज वर्गाबाहेरही चढलेलाच राही.

त्यांच्या अम्मींना मधुमेह होता. दिघाशीचे वैदू बाळारामबाबा सप्तरंगी नावाच्या वेलीच्या मुळांचा काढा साखरेवर देतात, असं कानावर आलं तशा मॅडम मला घेऊन थेट गावात गेल्या. बाबांनी ओंजळभर मुळं दिली. म्हणाले, "घ्या बाय. पन यात गुन हाय का न्हाय, ते तुमचं मशीन काय सांगनार?"

"मशीन नाही बाबा, उंदीर सांगतील," मॅडम म्हणाल्या. बाबा हसता हसता खोकायला लागले.

मॅडमच्या पीएच.डी.चा विषय ठरला आणि मागच्या खोलीत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे आले. गंमत म्हणजे मॅडमना उंदरांची विलक्षण भीती. डोळे अर्धे मिटून, काहीतरी पुटपुटत त्या उंदीर धरायच्या, पण दुसऱ्याला धरू देत नसत. मुळं वाळवून, कुटून अर्क काढायचा. मधुमेह झालेल्या निम्म्या उंदरांना तो द्यायचा, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि सगळ्यांच्या रक्तातली साखर मोजायची. काही आठवड्यांनी अर्कवाल्या उंदरांची साखर उतरली. मी टाळ्या वाजवल्या.

"कुंदा, एकदा उतरली ती कशानेही उतरली असेल. पुन्हा उतरू दे, मग मिठाई."

पण बातमी फुटली. शिफ्ट सुटली की लूमवरचे कामगार फाटकाशी येऊन विचारत, "मॅडम, वो शक्कर की दवा मिलेगी?" मॅडम प्रत्येकाला सांगत, "भाईसाब, अभी दवा नहीं है, सवाल है." अम्मींनाही त्यांनी थेंब दिला नाही. अम्मी चिडून म्हणायच्या, "उंदरांवर जीव आहे हिचा, आईवर नाही!"

मी मात्र दिला. माझे वडील, अण्णा, टेमघरच्या घरी मधुमेहाच्या गोळ्यांना कंटाळले होते. मी एक बाटली पर्समध्ये घालून नेली आणि रोज सकाळी त्यांना चमचाभर अर्क देऊ लागले. अण्णांना हुशारी वाटू लागली आणि मला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत पायाची साधी जखम चिघळली. अंगठा कापावा लागला.

मॅडम दवाखान्यात आल्या. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी वही काढली. "किती चमचे? कधीपासून? गोळ्या कधी सोडल्या?" मला वाटलं, या बाईला काळीज आहे की नाही! मग माझं लक्ष वहीकडे गेलं. अक्षर ओळीवर राहत नव्हतं. वही मिटून त्या म्हणाल्या, "अम्मीला नाही म्हणताना मलाही द्यावंसंच वाटायचं गं." मला दोष त्यांनी तेव्हाही दिला नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या वर्षीच्या मुळांनी काहीच केलं नाही. तिसऱ्या खेपेला किंचित फरक पडला. मार्गदर्शक म्हणाले, पहिली खेप तेवढी लिहा आणि पदवी घ्या. मॅडमनी तिन्ही लिहिल्या, पदवी लांबली. बाबांना हे निरोपाने कळू नये, म्हणून आम्ही पुन्हा दिघाशीला गेलो.

"मंग मी लबाड हाय का, बाय?" बाबांचा चेहरा उतरला.

"नाही बाबा. तुमच्या एका मुळात गुण आहे, दुसऱ्यात नाही, आणि कुठल्यात आहे ते मला ओळखता येत नाही. तोवर कुणाला डॉक्टरची गोळी सोडू देऊ नका."

आम्ही उठलो तेव्हा बाबांनी घरात हाक मारली आणि बायकोला पुढे केलं. "हिलाबी मी ह्योच काढा देतोय. हिचं रगात तपासाल का?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मॅडम गेल्या. त्यांच्या भावाने तो प्रबंध माझ्या हाती दिला. शेवटच्या पानावर चार ओळी होत्या, ज्या मी कधी वाचल्या नव्हत्या. 'एका व्यक्तीने हा अर्क औषध समजून घेतला व त्यांना कायमची इजा झाली. अर्काची बाटली मी उघड्यावर ठेवली होती. दोष माझा.'

बाटली उघड्यावर नव्हती. मॅडमनी ती कपाटात कुलूपबंद केली होती आणि विश्वासाने किल्ली माझ्याकडे दिली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.